दमडी आणि उंट

सहामाही परीक्षा तोंडावर आली होती आणि वर्गात अलंकारांची उजळणी चालली होती. उपमा, उत्प्रेक्षा, रूपक आटोपून मी अतिशयोक्तीपाशी आलो, आणि मराठीचा प्रत्येक मास्तर पिढ्यान् पिढ्या जे उदाहरण देत आला आहे तेच मीही दिले. दमडीचे तेल आणणाऱ्या सासुरवाशिणीचे ते लोकगीत वाचकांना ठाऊक आहेच. एवढ्याशा तेलात सासूचे न्हाणे होते, सासऱ्याची शेंडी होते, दिराची दाढी होते. तरी तेल उरते, ते झाकून ठेवले जाते, त्याला लांडोरीचा पाय लागतो, ओघळ थेट गावच्या वेशीपर्यंत जातो आणि त्यात उंट सापडतो. इथे वर्गाने हसावयाचे असते. माझा वर्ग हसला नाही. मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारले, "सर, दमडी म्हणजे किती?"

मी सांगितले, पैशाहूनही लहान नाणे. पण या मुलांनी पैसाही पाहिलेला नाही. तेव्हा त्याच मुलाने शेजाऱ्याकडे वळून पुटपुटत हिशेब केला, "म्हणजे एक रुपयाच्या शांपूच्या पुडीत सगळ्या घराची आंघोळ!" आणि वर्ग खो खो हसला. उंट तोच, लांडोर तीच. हसू अडले होते ते दमडीपाशी.

मी कॉलेजची पायरी चढलेला नाही. शास्त्राचे जे काही वाचले ते शाळेच्या नोकरीत, वह्या तपासून उरलेल्या वेळात. तेव्हा विद्वानांनी माझे म्हणणे त्याच मापाने घ्यावे. पण त्या दिवशी वर्गात जे घडले त्याने माझा बऱ्याच वर्षांचा एक गैरसमज दूर केला. अतिशयोक्ती म्हणजे फुगवणे, आणि जितके अधिक फुगवावे तितकी ती अधिक रंगते, असे मी समजत होतो, तसेच शिकवीत होतो, आणि दुर्दैवाने तसेच लिहीतही होतो. आपल्या भाषेला मात्र हे आधीपासून कळलेले दिसते. आपण राईचा पर्वत म्हणतो, पराचा कावळा म्हणतो. राई आणि पर यांचे नाव आधी घेतो. नुसता पर्वत कोणाला हसवीत नाही.

त्या लोकगीताकडे पुन्हा पाहावे. त्यात एकही पायरी गाळलेली नाही. तेल एकदम पुरासारखे वाहत नाही. आधी न्हाणे, मग शेंडी, मग दाढी, असा चोख संसारी हिशेब आहे. शिल्लक झाकून ठेवण्याइतकी काटकसर आहे. ओघळ सुरू होतो तोही कोणाच्या तरी पायाचा धक्का लागून, उगीच नव्हे. हिशेबाच्या वहीसारखे हे गाणे ओळीमागून ओळ पुढे सरकते, आणि उंट येईपर्यंत आपण कधी जगाबाहेर पडलो हे कळतच नाही. आणखी एक गोष्ट पाहावी. आम्ही शाळेत शिकवतो त्या पाठात तेलाच्या वाटेकऱ्यांत सगळे घर आहे. तेल आणणारी मात्र नाही. तिचे स्वतःचे डोके कोरडेच राहिले आहे. दमडीचे तेल सगळ्या घराला पुरवायचे, वर उरवून दाखवायचे, हा त्या काळच्या किती घरांतला रोजचा प्रसंग असेल! त्या बाईने तक्रार केली असती तर ती माजघराच्या भिंतींत विरून गेली असती. तिने उंट वाहवला आणि तिचे म्हणणे माझ्या वर्गापर्यंत येऊन पोचले. अर्थात हा माझा अर्थ झाला. लहान मुलांना खेळविण्यासाठी रचलेले गाणे ते, एवढेच कोणी म्हणाले तर मी भांडणार नाही. पण कोरड्या डोक्याची ती बाई मला आता विसरता येत नाही.

शास्त्रकारांनीही हे जाणले होते. भामहाने अतिशयोक्तीची व्याख्या करताना लोकव्यवहाराची मर्यादा ओलांडणारे वचन असे म्हटले, परंतु त्यापूर्वी एक शब्द घातला: निमित्ताने. काही निमित्त हवे. पाठ्यपुस्तके तेवढा शब्द सोडून बाकीची व्याख्या देतात. याच भामहाने पुढे हीच वक्रोक्ती, हिच्यावाचून अलंकार तो कसला, अशा अर्थाचे उद्गार काढले आणि आनंदवर्धनानेही त्याला मान डोलावली. म्हणजे ज्याला आपण सात-आठ अलंकारांच्या यादीतला एक म्हणून दोन गुणांपुरता शिकवतो, तो त्यांना सर्व अलंकारांच्या मुळाशी दिसला होता. दंडीचे म्हणणे जरा निराळे आहे. त्याने अत्युक्ती म्हणून एक प्रकार बाजूला काढला आणि ती गौडांना प्रिय असते, वैदर्भांना लोकरीतीला धरून असलेले कान्तीयुक्त बोलणे आवडते, असा निवाडा दिला. गंमत अशी की मराठी विनोदाला अत्युक्तीची पहिली मोठी दीक्षा दिली ती श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी, आणि त्यांचा जन्म नागपूरचा, वकिली जळगाव-जामोद, खामगाव या वऱ्हाडातल्या गावांची! वैदर्भांनी दंडीवर असा सूड उगवला.

कोल्हटकरांचे 'सुदाम्याचे पोहे' आज किती जण वाचतात, मला शंका आहे. वाक्ये लांब, श्लेष दाट, संदर्भ शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचे. तरी त्यांच्या अतिशयोक्तीची रीत पाहण्यासारखी आहे. ते माणसाला फुगवीत नाहीत. एखाद्या रूढीतले तर्कशास्त्र ते खरे मानून चालतात आणि शेवटापर्यंत नेतात. त्यांच्या काळी जो तो परिषदा आणि संमेलने भरवीत होता. त्यांनी चोरांचे संमेलन भरवले. संमेलनाचा शिष्टाचार अगदी बिनचूक, फक्त सभासद चोर. शिवाय बंडूनाना किंवा पांडुतात्या वाहवत चालले की शेजारी सुदामा असतोच. तोही त्यांच्यातलाच, परंतु सांगणारा तो असल्यामुळे त्याच्या गंभीर चेहऱ्यावरून आपल्याला अंतर मोजता येते. डॉन किहोटेला पवनचक्क्यांत राक्षस दिसतात तेव्हा सांचो पान्झाला त्या पवनचक्क्याच दिसत असतात. तो नसता तर ती एका वेड्याची कहाणी झाली असती. चिं. वि. जोशांनी तर ही जोडी आपल्या मध्यमवर्गीय घरात आणून बसवली. जोशी बडोद्याला पाली भाषेचे पंडित. त्यांची लेखणी इतकी समंजस की चिमणराव फारसे काही फुगवून सांगतच नाहीत. सरळ माणूस सरळ हकीकत सांगतो, आणि शेजारी गुंड्याभाऊ हातघाईवर आलेला असतो. त्या दोघांमधल्या अंतरात सगळा विनोद आहे. १९७०-८० च्या सुमारास दूरदर्शनवर ती मालिका आली तेव्हा ज्यांनी पुस्तक पाहिलेही नव्हते त्यांनाही हे अंतर बरोबर कळले.

गडकऱ्यांविषयी मी लिहावे की नाही, याचा मी पुष्कळ विचार केला. आमच्या पिढीच्या कित्येक मास्तरांप्रमाणे मीही त्यांच्या पायाशी बसूनच भाषा शिकलो. परंतु खरे सांगावयाचे तर बाळकरामाच्या लेखांत मला पुष्कळदा दमडी सापडत नाही. ठकीच्या लग्नाची मोहीम ही मूळ कल्पना अस्सल आहे. उपवर मुलीच्या बापाला वरसंशोधन ही लढाईच वाटते, एवढे निमित्त भामहाला पुरले असते. पण त्यानंतर कल्पनांवर कल्पना कोसळू लागतात. एका उपमेने हसू येते न येते तोच दुसरी येऊन तिला ढकलते. वाचणारा थक्क होतो, आणि थक्क झालेला माणूस हसायचे विसरतो. 'प्रेमसंन्यासा'तला विसराळू गोकुळ रंगभूमीवर हशा पिकवतो हे खरे. तथापि विसरण्यापलीकडे त्या माणसाला दुसरे काही नाही, म्हणून नाटक संपताच आपणही त्याला विसरतो.

आणि याच गडकऱ्यांनी तळीराम निर्माण केला! आर्य मदिरा मंडळाच्या बैठका काय कमी अत्युक्तीच्या आहेत? दारूचे मंडळ, त्याला कारभार, सभासद, वादविवाद, सिद्धान्त. पण इथे एकही वाक्य वाया जात नाही, कारण त्या हास्याच्या पलीकडे सिंधूचे घर उघडे पडत चालले आहे हे प्रेक्षकाला दिसत असते. नाटकाचे नाव काय आहे पाहा. एकच प्याला. जगातल्या प्रत्येक मद्यप्याचे हे पहिले वाक्य, आणि ते अतिशयोक्तीच्या नेमके उलट, कमी करून सांगितलेले. दमडी ती हीच. तीतून जो ओघळ निघतो तो सुधाकराची सनद, इभ्रत, पोर आणि बायको वाहून नेतो. गडकरी जानेवारी १९१९ मध्ये गेले; नाटक त्याच वर्षी रंगभूमीवर आले. त्यांनी आपल्या बाळकरामी फुलबाज्या विझवून ही एक वात लावली, असे मला वाटते. हे मत पुष्कळांना पटणार नाही. न पटो.

आचार्य अत्र्यांचे प्रकरण वेगळे आहे. 'झेंडूची फुले' १९२५ सालची. विडंबन ही अतिशयोक्तीची सख्खी बहीण, आणि तिची दमडी म्हणजे मूळ कविता. रविकिरण मंडळाच्या कविता ज्यांच्या तोंडी होत्या त्यांना त्या पुस्तकाने लोळवले. आज मूळ कविता कोणाला आठवत नाहीत, म्हणून निम्मी फुले कोमेजलेली वाटतात. दोष अत्र्यांचा नव्हे, आपल्या विसराळूपणाचा. पण पुढे सभांतून, अग्रलेखांतून त्यांची दहा हजार वर्षे सुरू झाली. कोणी मोठा माणूस जावो, काही भले-बुरे घडो, गेल्या दहा हजार वर्षांत असे झाले नाही! पहिल्यांदा ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा आला असेल. पण आमच्या भिवंडीत कापडाचे व्यापारी भाव सांगतात तेव्हा घेणारा मनातल्या मनात वटाव धरूनच ऐकतो. अत्र्यांच्या श्रोत्यांनीही तसाच वटाव धरावयास सुरुवात केली आणि दहा हजार वर्षांचे मोल एका टाळीवर आले. गंमत अशी की ती टाळीही मनापासूनची असे. लोकांना अत्रे आवडत होते. दहा हजार वर्षे हे त्यांचे लाडके खोटे होते, आणि ते खोटे आहे हे दोन्ही बाजूंना ठाऊक होते.

पु. लं.चा हरितात्या मला या सर्वांत जवळचा. शिवाजी महाराजांच्या गोष्टी तो अशा सांगतो की जणू त्या वेळी तो तिथे उभा होता, आणि प्रत्येक गोष्टीला पुरावा देण्याची त्याची तयारी असते. थापाड्या माणूस पुराव्याचे नाव काढत नाही. हरितात्या पुराव्याशिवाय पाऊल टाकीत नाही. त्याची स्वतःची काळ-काम-वेगाची गणिते पार फसलेली आहेत, आणि तीनशे वर्षांपूर्वीच्या गणितात मात्र त्याची चूक होत नाही. आपण हसतो ते या तफावतीला. हसता हसता कळते की या माणसाजवळ मुलांना देण्यासारखे इतिहासाखेरीज दुसरे काही नव्हते, आणि ते त्याने सगळे देऊन टाकले.

आता माझ्या स्वतःच्या पापाचा पाढा वाचतो. माझ्या पहिल्या कादंबरीत मी आमच्या गावच्या यंत्रमागांचे वर्णन केले होते. ज्यांनी भिवंडी पाहिली नाही त्यांना सांगावयास हवे की इथे कित्येक गल्ल्यांत घरांना घरे लागून माग आहेत आणि त्यांची खटखट रात्रंदिवस चालते. मी लिहिले, या आवाजामुळे गेल्या पन्नास वर्षांत या गावावर पाखरू बसलेले नाही. वाक्य मला फार आवडले होते. एका परीक्षणात त्याचा उल्लेखही आला आणि मी तो कापून ठेवला. पुढे एकदा आमच्या गल्लीच्या टोकाला राहणारे एक म्हातारे चाचा, उभा जन्म मागांवर जॉबर म्हणून काढलेले, मला रस्त्यात थांबवून म्हणाले, "मास्तर, तुमची किताब नातवाने वाचून दाखवली. चांगली आहे. पण पाखरं बसतात हो. आमच्या कारखान्यात पत्र्याखाली चिमण्यांची घरटी होती."

मी म्हणालो, "चाचा, ती अतिशयोक्ती आहे."

"असेल. पण लाईट गेली आणि सगळे माग एकदम थांबले ना, की त्या चिमण्या घाबरून उडायच्या. आणि घरी माझी म्हातारी झोपेतून दचकून उठायची. म्हणायची, काय झालं? कोण गेलं?"

मी घरी आलो आणि ते कात्रण काढून पाहिले. पन्नास वर्षे पाखरू न बसलेले गाव माझे होते. शांततेने घाबरणाऱ्या चिमण्यांचे गाव चाचांचे होते, आणि भिवंडी होती ती चाचांची. मी आवाजाचा पर्वत केला खरा, पण राईचा पत्ता मला नव्हता. मी मागांचा आवाज बाहेरून ऐकला होता. तेव्हापासून लिहिताना फुगवावेसे वाटले की मी आधी त्या धंद्यातल्या माणसाकडे जाऊन बसतो. बहुतेक वेळा फुगवण्याची गरजच उरत नाही.

हे सगळे केवळ लेखनापुरते असते तर मी एवढी पाने भरली नसती. परंतु मी ज्या गावात राहतो तिथे अतिशयोक्ती हा नुसता अलंकार राहिलेला नाही. ७ मे १९७० रोजी, शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या दिवशी, इथे दंगल पेटली. मे १९८४ मध्ये पुन्हा पेटली. पहिलीच्या वेळी माझा जन्म व्हायचा होता; दुसरीच्या वेळी मी पाच वर्षांचा होतो. त्या दिवसांतले मला आठवते ते बंद दार आणि दाराच्या फटीतून आत येणाऱ्या बातम्या. आजी सांगे की सकाळी पलीकडच्या आळीत एक जण जखमी झाल्याचे कळले, दुपारपर्यंत त्याचे चार झाले, दिवेलागणीला चाळीस. चाळीस सांगणारा माणूस खोटे बोलत नव्हता. त्याने बारा ऐकले होते आणि भीतीने त्यात भर घातली होती, आणि त्याच्या आधीच्याने तेच केले होते. प्रत्येकाने आपल्यापुरते थोडेच फुगवले. दमडीचे तेल जसे वेशीपर्यंत गेले तसेच हेही गेले. फरक इतकाच की वाटेत कुठेतरी मूळ दमडी कोणीतरी उचलून खिशात घातली होती. ऐकणाऱ्यापाशी उंट तेवढा पोचला, आणि तो खरा मानून माणसे काठ्या घेऊन बाहेर पडली.

म्हणून विनोदी लेखकाच्या अतिशयोक्तीला मी हलके मानीत नाही. तो आपल्या देखत फुगवतो. राई तळहातावर ठेवून दाखवतो आणि मग पर्वत करतो, आणि ऐकणाऱ्याला दोन्हींमधले अंतर मोजण्याची सवय लावतो. ज्या समाजाला ही सवय आहे तो चाळीस ऐकल्यावर निदान एकदा तरी विचारील की मूळचा एक कोण. द. मा. मिरासदारांच्या भोकरवाडीत नाना चेंगट बातमी घेऊन आला की गणामास्तर, बाबू पैलवान आणि मंडळी तिचे काय काय करतात ते वाचताना आपण पोट धरून हसतो. अफवा कशी वाढते याचे याहून सोपे शिक्षण मला कुठल्या नागरिकशास्त्राच्या पुस्तकात सापडलेले नाही.

ही सवय आता सुटत चालली आहे की काय, असे कधी कधी वाटते. आमच्या नाक्यावर दर आठवड्याला नवा फलक लागतो. ज्यांच्या वॉर्डातले गटार तीन पावसाळे तुंबलेले आहे ते कार्यसम्राट असतात. नुकतेच मिसरूड फुटलेला तरुण वाढदिवसाच्या दिवशी युवा हृदयसम्राट होतो. हा विनोद नव्हे, कारण कोणी हसत नाही. आणि स्तुतीही नव्हे, कारण कोणी मानीत नाही. दूरचित्रवाणीवरच्या विनोदी कार्यक्रमांत पात्रे किंचाळतात, पुरुष लुगडी नेसतात, आणि हसण्याचे काम आधीच ध्वनिमुद्रित केलेले असते. मला त्याविषयी अधिक लिहावयाचे नाही. दिवाळी अंकही यातून सुटलेले नाहीत. दरवर्षी निदान चार कादंबऱ्या युगप्रवर्तक असतात. त्यांत एकदा माझीही होती.

असो. वर्गाची गोष्ट अर्धी राहिली. त्या दिवशी मी मुलांना घरून स्वतःची एकेक अतिशयोक्ती लिहून आणावयास सांगितले. दुसऱ्या दिवशीच्या वह्यांत समुद्र होते, हिमालय होते, आभाळाला भोके पाडणारे पतंग होते. एका मुलाचे वडील मागावर रातपाळी करतात आणि दिवसा दुसरीकडे हमालीला जातात. त्याने एकच ओळ लिहिली होती: माझे बाबा इतके कमी झोपतात की त्यांच्या उशीला अजून खड्डा पडलेला नाही.

मी त्याला टेबलापाशी बोलावले आणि विचारले, "उशी नवी आहे का रे?"

"नाही सर. दोन वर्षं झाली."

पाचपैकी चार गुण दिले. 'उशीला'तली शी त्याने ऱ्हस्व काढली होती.